हार्मोनियमच्या हाताने स्टेप रेकॉर्डिंग: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मी एक जुना वर्कस्टेशन कीबोर्ड, म्हणजे गाणे वाजवण्याबरोबर नोंदवण्याचीही सोय असलेला कीबोर्ड, विकत घेतला. 61 पट्ट्या, 16 ट्रॅकचा सिक्वेन्सर (स्वर नोंदवून पुन्हा वाजवणारी सोय) आणि बोटभर उंचीचा पडदा असलेले हे यंत्र एका ऑर्केस्ट्रातल्या वादकाने दहा वर्षे वापरलेले होते. कंपनीचे व मॉडेलचे नाव मी येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते स्टेप रेकॉर्डिंग, म्हणजे लय थांबवून एकेक स्वर भरण्याच्या पद्धतीविषयी आहे, आणि ती थोड्याफार फरकाने बहुतेक वर्कस्टेशन कीबोर्डांवर मिळते. मराठीत या विषयावर फार थोडे लिहिलेले माझ्या वाचनात आले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपुरातील सक्करदरा भागात माझा सुगम संगीताचा वर्ग आहे. मुलांच्या समूहगीतांसाठी रोज तबलजी मिळत नाही, आणि मिळाला तरी एकच कडवे तीस वेळा वाजवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे योग्य नाही. सरावासाठी ठेका, खर्जाची साथ आणि थोडे स्वरमेळ असलेले ट्रॅक आपणच तयार करावेत, असे मी ठरवले. अडचण हाताची होती. मी तीस वर्षे हार्मोनियम वाजवतो. हार्मोनियमवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर तयार होतो आणि डावा हात आयुष्यभर भाता सांभाळतो. त्या डाव्या हाताने चालत्या मेट्रोनोमबरोबर (मात्रांचे ठोके देणाऱ्या सोयीबरोबर) बेसची चाल वाजवून रेकॉर्ड करायला गेलो, की चौथ्या आवर्तनापर्यंत मात्रा घसरत असे. क्वांटाइझ करून, म्हणजे स्वर यंत्राकडून जवळच्या मात्रेवर बसवून, ती चाल सरळ करावी तर यंत्र उशिरा पडलेला स्वर कधी योग्य मात्रेवर आणी, कधी पुढच्या मात्रेवर ढकलून देई. पहिले तीन आठवडे यातच गेले. त्यानंतर मी मेनूतील स्टेप रेकॉर्डिंगचे पान उघडले.

ही पद्धत सांगायला सोपी आहे. आधी एका पावलाची लांबी निवडायची: पूर्ण मात्रा, अर्धी, पाव किंवा एकतृतीयांश. मग पट्टी दाबून सोडायची, की तो स्वर त्या लांबीने नोंदला जातो आणि यंत्र पुढच्या पावलावर जाऊन थांबते. तुम्ही पाच सेकंदांनी पुढची पट्टी दाबा किंवा मध्ये चहा पिऊन या, लयीला धक्का लागत नाही, कारण नोंद होत असताना लय चालूच नसते. स्वरमेळ हवा असेल तर सगळ्या पट्ट्या एकत्र दाबायच्या. शेवटचे बोट उचलले जाईपर्यंत यंत्र त्याच पावलावर थांबून राहते. याचा एक तोटाही आहे. एक बोट पट्टीवर ठेवून दुसऱ्या बोटाने पुढचा स्वर घेण्याची आम्हा हार्मोनियमवाल्यांची जी सवय असते, तिच्यामुळे दोन्ही स्वर एकाच पावलात अडकतात. प्रत्येक स्वरानंतर हात पूर्ण उचलायला शिकणे, हा माझा पहिल्या महिन्यातला खरा रियाज होता.

पट्ट्यांखेरीज तीन बटणांशी काम पडते. रेस्ट दाबले की एक पाऊल शांततेचे जाते. टाय दाबले की आधीचा स्वर आणखी एक पाऊल लांबतो. स्टेप बॅक दाबले की शेवटचे पाऊल पुसले जाते. हे सगळे मी माहितीपुस्तिकेत वाचले होते, तरी रेस्ट आणि टाय यांतला फरक मला उमगला तो पुस्तिकेमुळे नाही. तो उमगला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखनामुळे.

ज्यांनी भातखंडे पद्धतीने लिहिलेली एखादी चीज वाचली आहे त्यांना आठवेल, की स्वरापुढे आडवी रेघ असली तर तो स्वर तेवढ्या मात्रा लांबवायचा असतो. शब्दांच्या ओळीत त्याच जागी अवग्रह येतो. एका मात्रेत दोन किंवा चार स्वर बसवायचे असतील तर त्यांच्याखाली कंस काढून ते बांधतात. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (टाळी न देता हात मोकळा सोडण्याच्या मात्रेला) शून्य, टाळीला आकडा. म्हणजे "ग - - प" अशी चार मात्रांची ओळ यंत्रात भरायची असेल तर पूर्ण मात्रेचे पाऊल निवडून ग, टाय, टाय, प असे चार वेळा दाबायचे. मी सुरुवातीला रेघेला रिकामी जागा समजून रेस्ट दाबत होतो, आणि ट्रॅक वाजवला की गंधार एक मात्रा वाजून तुटत असे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, हा स्वर श्वास संपल्यासारखा का थांबतो?" तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. गायक जेथे श्वास घेतो तेथे रेस्ट आणि जेथे स्वर धरून ठेवतो तेथे टाय, हा नियम त्या दिवशी मी वहीत लिहून ठेवला. कंसाखालच्या स्वरांसाठी पावलाची लांबी बदलायची: दोन स्वर असतील तर अर्धी मात्रा, चार असतील तर पाव. एकदा हे जुळले, की स्वरलेखनाची वही समोर ठेवून यंत्रात ओळ भरणे म्हणजे दुसऱ्या लिपीत नक्कल उतरवण्याइतके सरळ काम आहे.

स्टेप रेकॉर्डिंगकडे अनेक वादक कमी दर्जाची गोष्ट म्हणून पाहतात. ज्याला वाजवता येत नाही त्याने टोचून टोचून भरावे, असा भाव असतो. नऊ महिन्यांनंतर मला हे मत मान्य नाही. वाजवताना हात सवयीने जातो आणि कितीतरी गोष्टी मनाने तपासलेल्या नसतात. येथे प्रत्येक स्वराला यंत्र तीन गोष्टी विचारते: कोणता स्वर, किती लांब, किती जोरात. मी गेली वीस वर्षे शिकवत असलेल्या एका भजनाच्या दुसऱ्या ओळीत पंचम दीड मात्रेचा आहे की पावणेदोन मात्रांचा, हे मला भरायला बसेपर्यंत माहीत नव्हते. शेवटी ती ओळ मी दहा वेळा स्वतः म्हणून पाहिली, हाताने मात्रा मोजल्या आणि मगच पुढे गेलो. आता ती ओळ मी मुलांना अधिक नेमकेपणाने शिकवतो.

पद्धत जुनी आहे. रोलँड कंपनीने 1977 साली आणलेल्या एमसी-8 या यंत्रावर स्वर आणि त्यांच्या लांबी आकड्यांच्या कळफलकावरून भरत असत. त्याच कंपनीच्या 1981 च्या टीबी-303 मध्ये आधी सगळे स्वर आणि मग त्यांची लय अशा दोन फेऱ्या कराव्या लागत. 1983 मध्ये मिडी ही वाद्ये जोडण्याची सामाईक पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. त्या मानाने आज पट्टीवर बोट ठेवून स्वर भरता येणे फार सुखाचे आहे. तरीही दोन फेऱ्यांची कल्पना मला उपयोगी पडली: मी आता आधी वहीत नुसते स्वर लिहितो, मग त्याखाली मात्रा मांडतो, आणि यंत्र त्यानंतरच सुरू करतो. पहिले समूहगीत भरायला मला चार संध्याकाळी लागल्या होत्या. आता तेवढेच काम दीड तासात होते, आणि त्यातला निम्मा वेळ वहीवर जातो.

तालांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण यंत्राची रचना पाश्चात्त्य मापांसाठी केलेली आहे. दादऱ्यासाठी मी सहा मात्रांचे एक माप ठरवतो, केहरव्यासाठी चार किंवा आठ मात्रांचे. झपतालाच्या दहा मात्रा पाच-पाचच्या दोन मापांत बसतात, आणि दोन-तीन-दोन-तीन ही विभागणी मनात ठेवावी लागते. रूपक सात मात्रांच्या मापात सहज बसतो, पण यंत्राचा मेट्रोनोम प्रत्येक मापाच्या पहिल्या ठोक्यावर जोर देतो, आणि रूपकाची सम तर खालीच्या मात्रेवर असते. तीं तीं ना, धी ना, धी ना हा ठेका भरून मी मेट्रोनोमसह ऐकला तेव्हा सगळा तोल बिघडल्यासारखा वाटला. मेट्रोनोम बंद केला आणि तीं या बोलाचा जोर कमी ठेवून चौथ्या मात्रेच्या धीला वजन दिले, तेव्हा तो रूपक वाटू लागला. असे ताल भरताना मेट्रोनोम बंदच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिहाईसाठी, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणाऱ्या तुकड्यासाठी, मात्र ही पद्धत मला फारच आवडली. तीनतालात समेपासून समेपर्यंत दमदार तिहाई हवी असेल तर पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम (विराम), पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच, असा 17 मात्रांचा हिशेब होतो आणि सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. पडद्यावर माप, मात्रा आणि टिक (मात्रेचा बारीक भाग) असे तीन आकडे सतत दिसत असतात. चार मात्रांचे माप धरले तर तुकडा भरताना शेवटचा धा पाचव्या मापाच्या पहिल्या मात्रेवर पडला की हिशेब जुळला. एक पाऊल इकडेतिकडे झाले तर आकडा लगेच दाखवून देतो. मुलांना तिहाईचे गणित शिकवताना मी आता हा पडदाच त्यांच्यासमोर ठेवतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळांत कीबोर्ड वाजवणारा माझा एक मित्र आहे. दिवाळीनंतर त्याचा हंगाम सुरू होतो आणि रात्र रात्र वडसा, गडचिरोली, चंद्रपूरकडे जाते. त्याने हे पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे नट जिथे थांबेल तिथे सम धरावी लागते, तिथे हे चालायचे नाही." त्याचे म्हणणे बरोबर आहे. रंगमंचावर समोरच्या माणसाबरोबर श्वास घेत वाजवण्याचे काम या पद्धतीने होत नाही आणि ते तिच्याकडून मागूही नये.

आता दोषांकडे येतो. सर्वांत मोठा दोष म्हणजे सपाटपणा. मूळ मांडणीत प्रत्येक स्वराची व्हेलॉसिटी (जोराचा आकडा) सारखी नोंदली जाते, आणि मिडीत 1 ते 127 असे आकडे उपलब्ध असताना सगळे बोल एकाच आकड्यावर बसले तर ठेका भिंतीवर खिळे ठोकल्यासारखा ऐकू येतो. पट्टी जितक्या जोराने दाबली तितकाच आकडा नोंदवण्याची सोय माझ्या यंत्रात आहे, पण सावकाश एकेक पट्टी दाबताना बोटाचा जोर लयीशी जोडलेला नसतो, त्यामुळे तो कसाही पडतो. मी दोन महिने दोन्ही प्रकार करून पाहिले आणि शेवटी आकडे हाताने ठरवू लागलो. दादऱ्यात पहिल्या मात्रेला 104, चौथीला 82 आणि मधल्या मात्रांना 64 ते 74 हे माझ्या कानाला पटलेले प्रमाण आहे. दर पावलाला आकडा बदलणे कष्टाचे असते, म्हणून एकच आवर्तन नीट घडवायचे, त्याच्या प्रती करायच्या, आणि दर चौथ्या आवर्तनात दोन-तीन आकडे थोडे हलवायचे. ऐकणाऱ्याला हे बदल वेगळे ओळखू येत नाहीत, पण ते नसले तर कान लवकर थकतो.

दुसरी गोष्ट झोलाची, म्हणजे जोडबोलांतला दुसरा बोल किंचित उशिरा पडण्याची. माझ्या यंत्रात एका मात्रेचे 480 टिक पडतात. अर्धी मात्रा 240, पाव 120 आणि एकतृतीयांश 160. केहरव्यातल्या जोडबोलांना 240 आणि 240 असे समान भाग दिले तर तो शाळेच्या कवायतीसारखा वाजतो, आणि एकतृतीयांशाच्या हिशेबाने 320 आणि 160 दिले तर उड्या मारू लागतो. आपल्याकडच्या वादकांच्या हातात जो झोल असतो तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. मी स्टेप रेकॉर्डिंगने सरळ ठेका भरतो आणि मग इव्हेंट लिस्टमध्ये (नोंदलेल्या स्वरांच्या यादीत) जाऊन दुसरा बोल सुमारे 30 टिक पुढे सरकवतो, म्हणजे 270 आणि 210. लय वाढली की हा फरक कमी करावा लागतो. एका आवर्तनात चार-पाच बोल हलवायचे असल्याने काम दहा मिनिटांत होते, आणि ठेक्यात जो जीव येतो त्याच्यापुढे ती दहा मिनिटे काहीच नाहीत.

कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराआधी निसटता लागणारे स्वर, याच रीतीने घालता येतात. मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत 60 टिक म्हणजे सुमारे 83 मिलिसेकंद. एवढा कण कानाला सुटा स्वर वाटतो, म्हणून मी तो 30 ते 40 टिकांपर्यंत आखूड करतो आणि त्याची जागा आधीच्या स्वराच्या शेवटातून काढतो. तसे केले नाही तर मुख्य स्वर मात्रेवरून सरकतो आणि गाणाऱ्या मुलांचा शब्दही त्याच्यामागे सरकतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, मात्र पावलांनी भरताच येत नाही. त्यासाठी मी आधी स्टेपने स्वर भरतो, मग तोच ट्रॅक ओव्हरडबवर (आधीचे न पुसता वर नोंदवण्याच्या सोयीवर) चालू करून केवळ पिच बेंडची, म्हणजे स्वर वरखाली वाकवणारी, दांडी हाताने हलवतो. स्वर आधीच जागेवर असल्याने सगळे लक्ष दांडीवर देता येते, आणि बासरीच्या आवाजावर याचा परिणाम चांगला येतो. दरबारीतल्या आंदोलित गंधारासारखी गोष्ट मी यंत्राकडून करवून घेण्याचा प्रयत्न केला नाही. ती गळ्यातूनच यावी.

स्वरमेळ भरताना पद्धत जितकी सोपी तितका मोह मोठा. चार पट्ट्या दाबल्या की मेळ तयार होतो, म्हणून कोठेही काहीही घालावेसे वाटते. भूप रागाच्या अंगाच्या गाण्यात सा-ग-प आणि ध-सा-ग हे दोनच मेळ रागाच्या स्वरांत बसतात. मध्यम किंवा निषाद असलेला मेळ शिरला की भूपाचा रंग उतरतो. यमनमध्ये रे-तीव्र म-ध हा मेळ मला सुंदर वाटतो, पण तो क्षणभरच. सगळे काम मी पांढरी एक या सुरात भरतो आणि नंतर ट्रान्सपोज करतो, म्हणजे सगळे स्वर एकदम दुसऱ्या सुरात नेतो, त्यामुळे मुलींसाठी काळी चार आणि मुलांसाठी काळी एक असे तेच गाणे दोन्हीकडे चालते. ट्रान्सपोज करताना ठेक्याचा ट्रॅक वगळायला विसरू नये, नाहीतर तबल्याच्या जागी भलतेच वाद्य वाजते, कारण तेथे प्रत्येक पट्टीवर वेगळा बोल ठेवलेला असतो. याच कारणाने माझा ठेका दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर नेला तेव्हा बोल बदलले. जनरल मिडी या सर्व कंपन्यांसाठीच्या सामाईक मांडणीतल्या ठरलेल्या तालवाद्यांच्या यादीत तबला नाही, आणि भारतीय बोलांची मांडणी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने करते.

माझ्या यंत्रातल्या दोन उणिवांनी मला खूप त्रास दिला. स्टेप रेकॉर्डिंग चालू असताना बाकीचे ट्रॅक ऐकू येत नाहीत, त्यामुळे बेस भरताना ठेका मनातच चालवावा लागतो. आणि मधल्या एखाद्या मापापासून भरायला सुरुवात केली की त्या ट्रॅकवरचे पुढचे सगळे पुसले जाते. ही दुसरी गोष्ट मला 26 जानेवारीच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी कळली आणि अंतऱ्याची सगळी साथ पुन्हा भरावी लागली. तेव्हापासून दुरुस्ती नेहमी रिकाम्या ट्रॅकवर भरतो, ऐकतो आणि पटली तरच मूळ ट्रॅकमध्ये मिसळतो.

मे महिन्यातली एक संध्याकाळही नोंदवून ठेवतो. पारा 45 अंशांच्या पलीकडे गेलेला, कूलर आणि कीबोर्ड एकाच फलकावर, आणि मी सव्वादोन तास एका बंदिशीची साथ भरत होतो. लाइट गेली. यंत्राची तात्पुरती स्मृती वीज जाताच रिकामी होते, हे ठाऊक असूनही मी एकदाही सेव्ह केले नव्हते. त्या रात्री मला फार वाईट वाटले, कारण गेलेल्या कामात असे काही झोल होते जे पुन्हा तसेच जमले नाहीत. आता दर 16 मापांनी सेव्ह करतो, फाइलच्या नावापुढे क्रमांक वाढवत जातो, आणि आठवड्याला एकदा सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून संगणकात ठेवतो.

संगणकावर हे काम अधिक सोयीने होते, असे अनेक जण सांगतात. म्युझस्कोरसारख्या मोफत प्रणालीत एकेक स्वर भरता येतो आणि पडदा मोठा असल्याने चुका लवकर दिसतात, हे खरे आहे. तरी माझे मन कीबोर्डवर रमते, कारण माउसने स्वर शोधताना मला तो डोळ्यांनी शोधावा लागतो आणि पट्टीवर तो बोटाला आधीच माहीत असतो.

14 एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी जवळच्या वस्तीतल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात माझ्या वर्गातल्या अकरा मुलांनी या ट्रॅकवर दोन गीते म्हटली. ढोलकी वाजवणारा एक तरुण शेवटच्या कडव्यात आपणहून येऊन बसला आणि ट्रॅकबरोबर वाजवू लागला. माझा 270-210 चा झोल त्याच्या हाताला कोठेही टोचला नाही.

जुने यंत्र घेणाऱ्यांनी दुकानात किंवा मालकाच्या घरी पुढील गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. टाय आणि रेस्ट ही बटणे वेगळी आहेत का आणि दोन्ही नीट दबतात का, कारण वापरलेल्या यंत्रांत हीच बटणे आधी झिजतात. पावलाची लांबी आणि व्हेलॉसिटी भरता भरता बदलता येते का, की त्यासाठी बाहेर पडावे लागते. फाइल पेन ड्राइव्हवर जाते का, की जुनी फ्लॉपीच लागते. इव्हेंट लिस्टमध्ये एकेक टिक हलवता येतो का. आणि आठ मात्रांचा केहरवा तेथेच, मालकासमोर, भरून ऐकावा. मला त्या दिवशी अकरा मिनिटे लागली होती.